मातृभाषेचा रकाना सुनेला विचारून भरा

प्रति,
मा. महानिबंधक आणि जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

मी बेळगावच्या शहापूर भागात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. १९९१, २००१ आणि २०११ या तीन जनगणनांत मी प्रगणक म्हणून घरोघरी फिरले. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस असलेल्या जनगणनेत मात्र मी प्रश्न विचारणार नाही, उत्तरे देणार आहे. त्याआधी एका रकान्याविषयी आपल्याला लिहावे असे वाटले. २०११ च्या कुटुंब अनुसूचीत २९ प्रश्न होते. त्यांतील दहावा मातृभाषेचा होता आणि अकरावा इतर अवगत भाषांचा. देशाच्या पुष्कळ भागांत हे दोन रकाने अर्ध्या मिनिटात भरून होत असतील. आमच्याकडे दहाव्या रकान्यातील एका शब्दावर गाव कोणत्या राज्याचे, हा वाद उभा राहतो आणि तो सत्तर वर्षे मिटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आमच्या बाजूने जे म्हणणे मांडले जाते ते पाटसकर सूत्रावर, म्हणजे गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा यांवर उभे आहे. त्यातील भाषिक बहुसंख्येसाठी मुख्यतः १९५१ च्या जनगणनेचे आकडे पुढे केले जातात. म्हणजे पंचाहत्तर वर्षांपूर्वी कुणा शिक्षकाने किंवा तलाठ्याने एखाद्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून जे टिपले, त्यावर आजही वकील युक्तिवाद करतात. मी स्वतः हे काम तीनदा केले असल्यामुळे त्या टिपणाविषयी मला थोडे सांगता येईल.

आमचे घर विणकराचे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. संस्थान विलीन झाल्यावर ते मुंबई प्रांतात आले, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले, आणि १९७३ मध्ये त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. माझे वडील सांगत की माग जागचा न हलवता, एक खुंटीही न उपटता, त्यांनी चार सरकारे पाहिली. त्यांच्या बोलण्यात 'देश' हा शब्द मात्र या सगळ्यापासून वेगळा होता. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा आजोबा तेथे गेले होते. ती हकीकत आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली की मी स्वतः तिथे असल्यासारखे मला वाटते. देश म्हणजे ते अधिवेशन, छावणीतून पहाटे ऐकू येणारा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांच्या कवायतीचा आवाज आणि १५ ऑगस्टला शाळेत मिळणारा बुंदीचा लाडू. राज्य म्हणजे कचेरीतले अर्ज आणि त्यावरची भांडणे. दोहोंची गल्लत वडिलांनी कधी केली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत ते गेले, पण त्यांच्या तोंडून देशाविषयी कधी कडवट शब्द निघाला नाही.

आता त्या आजोबांच्या घरातील दहाव्या रकान्याविषयी सांगते. माझी आजी गोकाककडची. ती मराठी बोलत असे, देवाला मराठीत गाऱ्हाणे घालत असे आणि आम्हाला मराठीत रागवत असे; पण कांड्या भरताना तिची मोजणी 'ओंदु, एरडु, मूरु' अशीच चाले. वडिलांना लहानपणी तिने कोणत्या भाषेत जोजवले असेल हे मला कुणी वेगळे सांगायला नको. जनगणनेच्या सूचनांप्रमाणे, बालपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलत असे ती तिची मातृभाषा. ही व्याख्या लावली तर मोर्च्यात पुढे असणाऱ्या माझ्या वडिलांची मातृभाषा कन्नड होते. १९५१ मध्ये आमच्या दारात आलेल्या माणसाला आजोबांनी काय सांगितले असेल हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. त्यांनी साऱ्या घराची भाषा एका शब्दात सांगितली असणार, आजीचीसुद्धा. ती तेव्हा मागच्या पडवीत कांड्या भरत असणार आणि तिला कुणी विचारलेही नसणार.

दोष केवळ आजोबांचा नव्हता, कारण पुढे तोच दोष मी स्वतः केला. २००१ च्या फेब्रुवारीत मला खानापूर तालुक्यातील एक गाव मिळाले होते. काजूला मोहोर आला होता, दुपारी ऊन चढत होते आणि दिवसाला ठरलेली घरे संपवायची होती. एका घरी कुटुंबप्रमुख ओसरीवर बसले होते. मी मातृभाषेचा प्रश्न विचारल्यावर ते म्हणाले, "मराठीच की, त्यात विचारायचं काय बाई?" घरातील सात जणांपुढे मी 'मराठी' लिहिले. उठताना त्यांची सून दारातून चहाचा कप घेऊन आली आणि मला म्हणाली, "चहा कुडीरी." मी चहा घेतला, तिला कन्नडमध्येच माहेर विचारले, तिने बैलहोंगलजवळचे गाव सांगितले. पिशवीत घातलेली अनुसूची मी पुन्हा बाहेर काढली नाही. प्रशिक्षणात आम्हाला स्पष्ट सांगितले होते की घरातील सर्वांची मातृभाषा एकच असेल असे गृहीत धरू नये, आणि तो प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र प्रश्न आहे. ते मला माहीत होते. तरी एक शब्द खोडून दुसरा लिहिण्याने ओसरीवर काय वादंग होईल याची मला धास्ती वाटली. कन्नड घरात दिलेल्या मराठी मुलींच्या बाबतीतही हेच घडताना मी पाहिले आहे. तिथे कुटुंबप्रमुख 'कन्नडा' म्हणतो आणि आमची लेक स्वयंपाकघरात गप्प राहते. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत अशा किती सुना विरघळल्या असतील याची मोजदाद कोणत्याही आयोगाने केली नाही.

आज माझ्याच घरात हा प्रश्न उभा आहे. मुलगा उद्यमबागेतील एका कारखान्यात आहे. सून बागलकोटची, बँकेत नोकरी करते. दोघांनी आपले आपण ठरवून लग्न केले आणि आम्ही दोन्हीकडच्यांनी थोडी कुरकुर करून ते मान्य केले. पूर्वीही आमच्या भागात भाषा ओलांडून सोयरीक होई, पण ती जात, कुळी आणि मामाचे घर पाहून होई, आणि आलेल्या सुनेने सासरची भाषा उचलावी हे गृहीत धरलेले असे. माझ्या आजीने ती उचलली. माझ्या सुनेने मराठी शिकून घेतली, माझ्याशी ती मराठीतच बोलते, पण स्वतःच्या मुलाशी ती कन्नड बोलते आणि त्याबद्दल तिने कुणाची परवानगी घेतली नाही. तिने ती घ्यावी असे मलाही वाटत नाही. नातू सहा वर्षांचा आहे. मी वाढत असले की तो ताटावर हात धरून 'पुरे' म्हणतो आणि आई वाढत असली की 'साकु' म्हणतो. एकदा आम्ही दोघी एकाच वेळी पोळी घेऊन उभ्या राहिलो, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि 'नो' म्हणाला. मला तो 'आज्जी' म्हणतो, सुनेच्या आईलाही 'अज्जी' म्हणतो. दोन हाकांमधला फरक ऐकू येण्यासाठी कान आमच्या भागातलाच हवा.

कुटुंबाची आपली व्याख्याही मला आठवते: सामान्यतः एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणारे. मराठीत आम्ही घर फुटले की 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतो, तेव्हा ही व्याख्या आम्हाला शिकवावी लागली नाही. आमची चूल अजून एक आहे, भाषा तेवढ्या दोन आहेत. आणखी एक गोष्ट व्याख्येत मावत नाही. मुलगी गडहिंग्लजला दिली आहे, धाकटा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. रात्री जेवणे झाली की मोबाईलवर तिघांचे चेहरे दिसतात आणि ताटात काय होते याची चौकशी होते. जनगणनेच्या हिशोबात ती तीन कुटुंबे आहेत, आणि तसे मोजणे योग्यही आहे. मात्र आमच्या मनात ते अजून एकच घर आहे.

१ नोव्हेंबर हा आमच्या घरात अवघड दिवस असतो. त्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिवस पाळते आणि सरकार राज्योत्सव साजरा करते. माझे यजमान अनेक वर्षे दंडाला काळी फीत लावून मूक फेरीत जातात. गेल्या राज्योत्सवाला नातवाच्या शाळेत नाच होता. दुपारी यजमान फेरीहून परतले आणि त्याच वेळी रिक्षातून नातू उतरला, गळ्यात लाल-पिवळा शेला आणि कपाळाला कुंकू. फाटकाशी दोघे समोरासमोर आले. यजमानांनी क्षणभर शेल्याकडे पाहिले, मग फाटकाची कडी काढत विचारले, "डबा संपवलास का?" तो म्हणाला, "संपवला." संध्याकाळी सुनेने शेला धुऊन दोरीवर टाकला, शेजारी यजमानांचा सदरा वाळत होता. यावर घरात कुणी एक शब्द बोलले नाही. आमच्या गल्लीत अशी आणखीही घरे आहेत. फक्त त्यांतले कुणी आपल्याला पत्र लिहिणार नाही.

माझ्या वडिलांच्या काळी ओळख सभेत आणि मोर्च्यात सांगितली जाई, आता ती कागदावर दाखवावी लागते. कर्नाटकात २०२३ पासून राज्यातील महिलांना शक्ती योजनेत सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, आणि महाराष्ट्रात त्याच वर्षापासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. मी मुलीकडे निघते तेव्हा आधार कार्डावरचा पत्ता दाखवून संकेश्वरपर्यंत फुकट जाते आणि तिथून पुढे एस.टी.चे तिकीट काढते. मुलगी माहेरी येते तेव्हा संकेश्वरपासून इकडे तिला पूर्ण तिकीट पडते, कारण लग्नानंतर तिचा पत्ता बदलला. लेकीचे माहेरपण आणि राज्याची हद्द यांची गाठ अशी वाहकाच्या मशीनमध्ये पडते. धाकट्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली सोय आम्ही घेतली. तिच्यासाठी मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो. वडिलांनी जी भाषा मोर्च्यात सांगितली, ती मुलाने शिक्क्यासह मिळवली. त्या सोयीमुळे मुलाचे शिक्षण झाले, म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. पण भाषा अशी लाभाला जोडली गेली की रकाना भरताना माणूस आईला न आठवता दाखल्याला आठवतो, हे आपल्या कार्यालयाने लक्षात घ्यावे.

आकड्यांचे महत्त्व मी जाणून आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, प्राथमिक शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर त्यांच्या मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, हे संकेत याच मोजणीवर अवलंबून आहेत. राज्यघटनेचे कलम ३५० अ मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयी बोलते. मी ज्या मराठी शाळेत अडतीस वर्षे शिकवले, तिथे मी लागले तेव्हा एका वर्गात पन्नासच्या वर मुले होती आणि निवृत्त झाले तेव्हा चार वर्ग एका खोलीत बसत. ती मुले कन्नड शाळेत गेली नाहीत, इंग्रजी शाळेत गेली. माझा नातूही तिथेच आहे, आणि त्याला तिथे घालू नका असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात इंग्रजी मातृभाषा सांगणारे सुमारे २ लाख ६० हजार होते. एवढ्याशा आकड्याची ही भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळा रिकाम्या करत असताना आम्ही मात्र दहाव्या रकान्यातील मराठी आणि कन्नड यांचीच बेरीज-वजाबाकी करत बसलो. मी हे शिक्षिका म्हणून म्हणते, आणि त्यात माझाही वाटा होता.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की मातृभाषेचा प्रश्न प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, विशेषतः घरात लग्न होऊन आलेल्या स्त्रीला, तिच्या स्वतःच्या तोंडून विचारावा, आणि सीमाभागातील प्रशिक्षणात हे एका ओळीत न गुंडाळता त्यासाठी वेगळा वेळ द्यावा. लहान मुलाच्या बाबतीत उत्तर आईकडून घ्यावे. आपली व्याख्या तेच सांगते. मी वाचलेल्या सरकारी कागदांत इतकी प्रामाणिक व्याख्या दुसरी नाही. ती बदलू नये, फक्त पाळावी. यावेळी स्वगणनेची सोय असणार आहे. त्यातली भीती मला स्पष्ट दिसते. पूर्वी ओसरीवरचा कुटुंबप्रमुख सर्वांच्या वतीने बोलत असे, आता रात्री दहा वाजता मोबाईल हातात असलेला मुलगा सर्वांच्या वतीने बोटे फिरवील, आणि आजी व सून दोघी पुन्हा आतल्या खोलीत राहतील. मातृभाषेच्या प्रश्नाशी पोहोचल्यावर 'ही व्यक्ती समोर आहे का, तिला विचारले का' एवढी सूचना जरी पडद्यावर आली, तरी काही घरांत मोबाईल एका हातातून दुसऱ्या हातात जाईल.

दुसरी विनंती अकराव्या रकान्याची. २०११ मध्ये देशातील सुमारे २६ टक्के लोकांनी आपल्याला दुसरी भाषा येते असे सांगितले. आमच्या गल्लीत दोन भाषा न येणारा माणूस शोधावा लागेल. मराठी आणि कन्नड घरांच्या मधोमध उर्दू बोलणारे आमचे शेजारी तर तिन्ही भाषांत बाजार करतात, आणि खानापूरच्या घाटाकडे त्यात कोकणीची भर पडते. पण दहावा रकाना भरून झाला की प्रगणक थकलेला असतो, उत्तर देणाऱ्याला वाटते की खरी गोष्ट सांगून झाली, आणि अकराव्यात काहीही न विचारता पुढे साक्षरतेच्या प्रश्नाकडे जाता येते. मीही अनेकदा तशी गेले. हा रकाना आग्रहाने भरून घ्यावा, आणि दोन-तीन भाषा जाणणाऱ्यांचे तक्ते मातृभाषेच्या तक्त्यांइतक्याच तपशिलाने, निदान तालुक्यापर्यंत, छापावेत. एका तालुक्यात अमुक इतके मराठी आणि तमुक इतके कन्नड, एवढेच छापले तर वाचणाऱ्याला दोन छावण्या दिसतात. त्यांतले किती जण दोन्ही भाषांत जेवायला बोलावतात हे शेजारीच छापले, तर त्याच तालुक्याचे चित्र वेगळे दिसेल.

या पत्राने माझी माणसे नाराज होतील, याची मला कल्पना आहे. आकडा कमी होईल असे काही लिहू नये, असे मला एकाने आधीच सुनावले आहे. त्यांचा राग मला समजतो. मराठी पाट्या, मराठी कागदपत्रे, मराठी शाळा यांसाठी या भागातील लोकांनी लाठ्या खाल्ल्या, १७ जानेवारी १९५६ ला माणसे गोळीने मेली, आणि दर वर्षी त्या हुतात्म्यांना फुले वाहताना मीही उभी असते. माझ्या दारावरची पाटी मराठीत आहे, माझा रकाना मराठीच राहील, आणि न्यायालयात दाव्याचे जे व्हायचे ते होवो, माझ्या भाषेचा हक्क मी सोडणार नाही. पण तो हक्क सिद्ध करण्यासाठी माझ्या आजीला मराठी ठरवावे लागत असेल, तर ते मला पटत नाही. आपल्या सूचनांत असेही असते की संघटित चळवळीमुळे भाषा खोटी सांगितली जात असल्याचा संशय आला, तर प्रगणकाने सांगितले तेच लिहावे आणि वरिष्ठांना कळवावे. आमच्याकडे चळवळ नसतानाही, केवळ घरातल्या सवयीने, भाषा खोटी लिहिली गेली. त्याबद्दल वरिष्ठांना कळवायचे राहून गेले होते, ते मी या पत्राने कळवत आहे.

प्रगणक आमच्या घरी येतील तेव्हा यजमानांनी मधे बोलायचे नाही, असे ठरले आहे. मी माझे सांगेन, मुलगा त्याचे सांगेल. नातवाच्या नावापुढे काय लिहायचे ते सुनेने सांगायचे आहे. परवा मी तिला सहज विचारले, तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बघू आई, अजून वेळ आहे."

आपली,
शहापूर, बेळगाव येथील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका